नकाशातून गेलेली टेकडी

१

टेकडी चोरीला गेल्याची तक्रार गुणवंतराव भोयरांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. बांध कोरल्याच्या पाहिल्या होत्या, धुरा सरकवल्याच्या पाहिल्या होत्या, एका महाभागाने तर शेजाऱ्याची विहीर आपल्या सातबाऱ्यावर चढवून घेतली होती. पण अख्खी टेकडी? झाडांसकट, बांबूसकट, वर बसलेल्या देवासकट? ब्रह्मपुरीहून निघाल्यापासून ते तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते आणि दर खेपेला चष्मा पुसत होते.

"का म्हणते साहेब कागद?" जीप हाकणाऱ्या बिरजूने विचारलं.

"म्हणते का टेकडी गेली."

"कुठी गेली?"

"थेच पाहाले तं मले धाडलं ना, बावळटा! तू समोर पाह्य."

गुणवंतराव भूमापक म्हणून रिटायर झालेले. साखळ्या ओढण्यात जन्म गेला. जिल्ह्याच्या कचेरीला आता नव्या यंत्रांचं भारी कौतुक, पण जंगलात जाऊन लोकांचं गाऱ्हाणं ऐकायची वेळ आली की तिथल्या प्रत्येकाची पाठ धरायची. मग या म्हाताऱ्याची आठवण व्हायची. 'मानद चौकशी अधिकारी' असं गोंडस नाव दिलं होतं त्यांना. मानद म्हणजे डिझेल आपलं आणि बोलणी सरकारची.

भानगड अशी होती. कोहकाटोला हे वैनगंगेच्या पल्याडचं, गडचिरोलीच्या जंगलातलं गोंडांचं गाव. भोवतालच्या जंगलावर गावाचा हक्क आहे हे सरकारने मानावं म्हणून म्हातारे मरून गेले, पोरं म्हातारी झाली. शेवटी मागच्या साली मोबाइलवर मोजणी झाली. सरकारी मोबाइल हातात धरून जंगलाच्या शिवेवरून चालायचं. मोबाइल जिथून जाईल तिथून नकाशावर रेघ उमटणार, आणि रेघेच्या आत येईल तेवढं गावाचं. गाव चाललं. रेघ उमटली. दाखला आला, गावजेवण झालं, आणि नंतर कुणीतरी नकाशा नीट पाहिला. पेनडोंगरी रेघेच्या बाहेर होती.

पेन म्हणजे गोंडांचा देव. त्या टेकडीवर गावाचा देव राहायचा, आणि गावाचा सगळा चांगला बांबू नि साग तिथंच उभा होता. रेघेबाहेर म्हणजे सरकारची, आणि सरकारने तोडीचा ठेका देऊनसुद्धा टाकला होता. चौकशीपुरती कुऱ्हाड थांबली होती. मोजणीत खोट निघाली तर फेरमोजणी होऊन टेकडी परत मिळणार होती. नाही निघाली तर ती उभी कापली जाणार होती.

"म्हणजे चोर सापडला तं टेकडी वाचते," बिरजू म्हणाला.

"सापडते ना. न सापडाले काय झालं?" गुणवंतराव तोऱ्यात म्हणाले. आजवर त्यांच्या हातून एकही बांधकोऱ्या सुटला नव्हता.

२

गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या झोपडीत, सभा बसली होती. पुरुष पुढे, बाया मागे कुडाला टेकून. एका पोरीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. गुणवंतरावांनी घोट घेतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"मोजणी कोणं केली?"

"लोकेशनं," चार-पाच आवाज एकदम आले.

लोकेश मडावी. गावातला पहिला बीए. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात काही महिने राबून आला होता आणि येताना नवी मोटारसायकल घेऊन आला होता. गावाचं सगळं गणित त्या मोटारसायकलीवर येऊन थांबलं होतं.

"ह्यानंच ठेकेदाराले टेकडी इकली," एक म्हातारा काठी आपटत ओरडला. "गाडी का झाडाले लागते का गा?"

"मी नाई इकली!" लोकेश उठून उभा राहिला. पोराचे डोळे भरून आले होते. "सगळे होते ना संगं? टेकडीवरून नाई का चाललो आपण? सांगा ना साहेबाले!"

हे मात्र सगळ्यांनी कबूल केलं. त्या दिवशी सगळे पुरुष टेकडीवर चढले होते. वर देवापुढं नारळ फुटला होता. लोकेशने आपल्या मोबाइलमधला फोटो काढून दाखवला. दगडांच्या देवापुढं पुरुषांचा घोळका, मधोमध लोकेश, मागे पलीकडच्या उतारावरचा शिवेचा नाला. फोटोवर तारीख आणि वेळही होती.

कोलू गायता तोवर गप्प होता. गायता म्हणजे देवाचं सगळं करणारा; गावात त्याचा शब्द शेवटचा. खारकेसारखा सुकलेला माणूस, पण आवाज असा की सभा हलायची थांबावी.

"साहेब, थे मशीन वरतून पाह्यते म्हणे ना? आभाळातून?"

"उपग्रहावरून. हो."

"मंग एवढी मोठी टेकडी दिसली नाई का त्याले? मशीननं तं पाह्यलीच असन. पुसली कोणं?"

गुणवंतरावांना हा प्रश्न फार आवडला. पुसली कोणं, हेच तर शोधायचं होतं.

मग ते पुरुषांबरोबर टेकडी चढले. पायथ्याच्या मोहाखाली सगळ्यांनी चपला काढल्या. वर गार सावली, बांबूची बेटं, आणि मधे शेंदूर न लावलेले साधे दगड. गुणवंतरावांनी हात जोडले. खाली आले तेव्हा लोकेशची आई बुधरीबाई मोहाखाली पाण्याचा गुंड घेऊन बसली होती. ते ओंजळभर पाणी प्याले, माय तुझे उपकार म्हणाले आणि चपला घालू लागले.

"साहेब," कोलू गायता हलक्या आवाजात म्हणाला, "झाडं पाह्यली का तुमी?"

पाहिली होती. वरच्या एकूण एक सागावर पांढऱ्या रंगाने आकडा टाकलेला होता. देवाच्या अंगावर पडणाऱ्या सावलीच्या झाडावरसुद्धा.

३

वनरक्षक देवराव नाक्यावरच्या चौकीत भेटला. पोट सुटलेला, पण डोळ्याने चलाख.

"मले माहीत होतं तुमी माझ्याचकडं येसान," तो म्हणाला. "जंगलात पान हललं तरी वनरक्षकानं हलवलं."

"मोजणीच्या दिवशी हजर होतास का नाई?"

"होतो. सही हाये ना माझी."

"टेकडीवर गेला होतास?"

देवरावने मान खाजवली. "साहेब, तुमच्यापाशी खोटं काऊन बोलू? नाई गेलो. गुडघा धरला होता. मी आपला खाली मोहाखाली टेकलो. माणसं वर गेली. खाली बाया होत्या दोन-तीन, लोकेशची बहीण होती मोबाइलात डोकं खुपसून. आता ह्या पोरी, तुमाले तं माहीतच हाये. माझा डोळा लागला."

"सगळ्या पोरी तशाच," गुणवंतराव म्हणाले. त्यांची नातही जेवताना मोबाइल सोडायची नाही. "आन रेघ कोणं बदलली?"

"मी बदलवीन कशी? मले थे उघडता तरी येते का? माझं काम सही कराचं. बदलवाचं असन तं तालुक्याले. आदेश बसते ना तिथी, कम्प्युटरवाला. कोहकाटोल्याचा नकाशा त्यानंच चढवला." देवराव पुढे झुकला. "आन ठेकेदाराची गाडी तिथीच उभी राह्यते, त्याच्या दुकानासमोर. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यली."

गुणवंतराव तडक उठले. त्यांना चोराच्या टाचा दिसू लागल्या होत्या.

४

आदेशचं सेवा केंद्र म्हणजे एक टपरीवजा खोली. बाहेर दाखल्यांसाठी माणसांची रांग, आत पंखा फक्त आदेशच्या डोक्यावर. केसांना जेल, गळ्यात ओळखपत्र.

"ठेकेदाराची गाडी?" तो हसला. "इथी सगळ्यांच्या गाड्या उभ्या राह्यते सर. समोर चहाचं दुकान हाये ना."

"मले नकाशा दाखव. कागदावरचा नको. अंदरचा."

आदेशने पडद्यावर नकाशा उघडला. हिरव्या जंगलाभोवती लाल रेघ. सगळीकडे शिवेनुसार गेलेली, आणि पेनडोंगरीपाशी आली की आत वळून टेकडीला वगळून पुन्हा शिवेला लागलेली. भाकरीचा कोणीतरी लचका तोडावा तशी.

"मोठं कर. अजून. अजून कर ना बा."

रेघ मोठी होत गेली तसे तिच्यातले ठिपके दिसू लागले. गुणवंतराव पडद्याला नाक लावून बसले. रांगेतली माणसं कुरकुरू लागली, पण म्हातारा हलेना.

माणूस टेबलाशी बसून रेघ बदलतो तेव्हा तो आळस करतो. इथं एक टिचकी, तिथं एक टिचकी, मधे सरळ रेघ. गुणवंतरावांनी असे टेबलावर जन्मलेले नकाशे आयुष्यभर पाहिले होते. ही रेघ तशी नव्हती. टेकडीच्या पायथ्याने ती वेडीवाकडी, जवळजवळच्या ठिपक्यांची गेली होती. एका जागी धोंडा चुकवून वळली होती. एका जागी ओहोळाला उतार मिळेपर्यंत मागे गेली होती. आणि पायथ्याशी एके ठिकाणी तर नुसता ठिपक्यांचा गुंता होता, दोऱ्याची गाठ पडावी तसा.

"हा गुंता कायचा?"

"मोबाइल तिथी थांबला असन, सर. माणूस बसला का मोबाइल थोडा थोडा हलत राह्यते, मंग असे ठिपके पडते."

"म्हणजे रेघ पायानं पडली. कोणं काढली नाई."

"थेच तं सांगून राह्यलो मी पहिलेपासून! मी फक्त चढवतो. अंदर बोट लावता येत नाई कोणाले."

मोबाइल टेकडीवर गेलाच नव्हता. पायथ्याने गेला होता, मधे बसलाही होता. ठिपक्यांसोबत वेळही होती, आणि ती लोकेशच्या फोटोतलीच वेळ होती. त्या घडीला लोकेश टेकडीच्या माथ्यावर देवापुढं उभा होता, आणि त्याच्या हातातला म्हणून सांगितलेला सरकारी मोबाइल खाली बसलेला होता.

५

त्या संध्याकाळी ते ब्रह्मपुरीला परतले ते चिडलेलेच. त्यांच्या पत्नीने, रंभाबाईंनी ताट वाढलं, तर त्यांनी वरणाला नावं ठेवली. चोर पायी चालला, सगळ्या गावासमोर चालला आणि कुणाला दिसला नाही, हे काय गणित आहे? एखाद्याने मोबाइल लोकेशच्या हातून काढून घेतला असता तर लोकेशनेच बोंब मारली असती. मग तो खोटं का बोलतोय?

"पोरीले फोन लावून देता का?" रंभाबाई मोबाइल घेऊन आल्या. "केव्हाची लावून राह्यली. हा तुमचा डबा उघडतच नाई."

"नंबर टाक ना."

"टाकला. तुमीच तं सेटिंग करून ठेवली. तुमचं थोबाड पाह्यल्याशिवाय उघडत नाई म्हणते."

गुणवंतरावांचा घास हातातच राहिला.

"अहो, का झालं? मिरची लागली का?"

त्यांनी उष्ट्या हाताने मोबाइल घेतला, तोंडासमोर धरला आणि लेकीऐवजी आदेशला फोन लावला.

"आदेश, मोजणीचा सरकारी मोबाइल कोणाच्या तोंडानं उघडते?"

"महिला प्रतिनिधीच्या, सर. मागच्या सालापासून तसंच हाये. मोजणीत बायांचा सहभाग पायजे म्हणून वरून ऑर्डर आली. गावातल्या एका शिकलेल्या बाईचं तोंड नोंदवाचं, तिच्याच हातात मोबाइल. दर थोड्या वेळानं थे तोंड पाह्यते. तोंड नाई दिसलं का मोजणी बंद."

"कोहकाटोल्याची बाई कोण?"

"दीपिका मडावी. लोकेशची बहीण."

गुणवंतरावांना तांब्या आणून ठेवणारी पोर आठवली. मोहाखाली मोबाइलात डोकं खुपसून बसलेली पोर आठवली. देवरावने सरळ सांगितलं होतं आणि आपण वर हसून 'सगळ्या पोरी तशाच' म्हणालो होतो. शरमेने त्यांच्या कानशिलांना चटका बसला.

६

दीपिका अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. बुधरीबाईने खाट टाकली. थोड्या वेळात कोलू गायता आला, लोकेश आला, अर्धं गाव आलं.

"मोबाइल तुझ्या हातात होता, बाई?"

"हो."

"मंग काल सभेत बोलली काऊन नाई?"

"मले कोणी इचारलं?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी पण नाई इचारलं साहेब."

गुणवंतराव गावाकडे वळले आणि एकेक गोष्ट सुटी करून सांगू लागले. रेघ कुणी पुसली नाही, ती पायाने पडली आहे. मोबाइल दीपिकाशिवाय कुणाच्या हातात चालत नाही. शिवेवर सगळीकडे ती तुमच्यासोबत चालली. टेकडी आली. तुम्ही पुरुष वर गेलात. "आन बाया पेनडोंगरी चढत नाई. बरोबर ना?"

"नाई चढत," बुधरीबाई म्हणाली. "आमी खालूनच हात जोडतो. मोहाखाली थांबतो, मंग पायथ्यानं पल्याड जातो."

"मोहाखाली बसली तिथी ठिपक्यांचा गुंता पडला. मंग ही पायथ्याच्या पायवाटेनं पल्याड गेली आन तुमाले भेटली. मशीननं तिच्या पायाची रेघ धरली. बस. एवढंच झालं."

गाव थक्क होऊन ऐकत राहिलं. मग कोलू गायत्याने विचारलं, "पण थे तं वरतून पाह्यते ना?"

"वरतून फक्त मोबाइल कुठी हाये थे पाह्यते, भाऊ. टेकडी नाई पाह्यत."

कोलू मटकन खाली बसला. मशीन आभाळातून सगळं पाहतं, टेकडी त्याला आपोआप दिसेल, मग पोर खालून गेली तरी काय बिघडलं, असं त्यानेच त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना ते पटलंही होतं.

"मले वाटलं ऑफिसात जोडतीन," दीपिका म्हणाली. "मी आदेशले सांगतलं होतं का टेकडी राह्यली म्हणून. तो म्हणे, सिस्टीम बरोबर करते."

"आन तू काऊन म्हटलं का मोजणी मी केली?" गुणवंतरावांनी लोकेशला फैलावर घेतलं.

"सगळेच म्हणत होते, साहेब. हार पण मलेच घातला. मंग मी पण म्हटलं." तो बहिणीकडे बघेना.

काठीवाला म्हातारा कालपासून त्याला चोर म्हणत होता. तो आता उठला आणि काही न बोलता लोकेशच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बायांनी डोळ्याला पदर लावले. गावात चोर नव्हता. कुणी काही विकलं नव्हतं.

"रडता काऊन आता?" गुणवंतराव जवळजवळ ओरडलेच. "ग्रामसभेचा ठराव म्हणते शीव टेकडीवरून, मोजणी खालून झाली. दोघांचा मेळ नाई. माझ्या हातात हाये, मी फेरमोजणी लावतो! मोबाइल घेऊन पुन्हा चाला. ह्या खेपी टेकडीवरून!"

असा हर्ष गोटुलातल्या मागच्या कित्येक सभांत झाला नव्हता. कुणीतरी ढोल काढायला धावलं. त्या गलक्यात दीपिका खाटेजवळ आली.

"पण साहेब, मोबाइल वर नेईन कोण?"

७

फेरमोजणीच्या दिवशी सकाळपासून गुणवंतराव कानाला फोन लावून मोहाखाली उभे होते.

"एवढ्या तुकड्यापुरतं पुरुषाचं तोंड घ्या ना," ते कचेरीला विनवत होते. "अहो, देवाचं ठिकाण हाये. बाया जात नाई."

पलीकडचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने साहेबांना विचारलं, साहेबांनी वर विचारलं, आणि उत्तर परत आलं. सिस्टीम घेत नाही. महिला सहभागाची अट आहे, ती काढता येत नाही. शिवाय फेरमोजणी एकदाच मिळते आणि आज सूर्य मावळला की बंद होते.

लोकेशने दीपिकाचा फोटो आपल्या मोबाइलवर मोठा करून सरकारी मोबाइलपुढे धरून पाहिला. 'डोळे मिचकावा,' असं त्या यंत्राने सांगितलं. फोटो काही मिचकावेना.

"चढू दे ना तिले!" लोकेश शेवटी कोलू गायत्यावर किंचाळला. "एक दिवस! एक दिवस चढली तं का होते?"

कोलूच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "मी आडवा येत नाई, लेका. ज्याले चढाचं थ्यानं चढावं. टेकडी राहीन. पण मंग पेन तिथी राहाचा नाई. तोडली टेकडी, तं आमी देवाले उचलून दुसरीकडं नेऊ, आमच्या बापजाद्यांनं नेलाच होता. बाटला, तं तो आमच्यासंगं येत नाई. मंग टेकडी वाचवून आमी का करू? बांबू इकू?"

"देवानं सांगतलं का असं तुले?" लोकेशने विचारलं.

"मले नाई सांगतलं. माझ्या बापाले सांगतलं होतं."

गुणवंतरावांना दोघंही खरे वाटत होते, आणि त्याचाच त्यांना संताप येत होता. नऊवारी नेसून आपणच वर जावं असा एक वेडा विचारसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेला.

दीपिका उठली. तिने चपला काढल्या. मोबाइल तोंडासमोर धरला, डोळे मिचकावले, आणि रेघ सुरू झाली. ती जिथून वर पायवाट जाते तिथं जाऊन उभी राहिली. सगळं गाव बघत होतं. बुधरीबाईने तोंडात पदर कोंबला होता.

"गायता," दीपिकाने वळून विचारलं, "टेकडी राहीन. देव जाईन. आन मी?"

कोलूने खाली बघितलं. तिने काठीवाल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याने तोंड फिरवलं. तिने आईकडे पाहिलं. बुधरी नुसती हुंदके देत होती. देवाला घालवणारी पोर कोणत्या घरात राहणार, तिच्या हातचं पाणी कोण पिणार, हे त्या मोहाखालच्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकाच्याही तोंडून फुटत नव्हतं.

"ज्यानं त्यानं माझ्यावरच काऊन ठेवलं?" ती म्हणाली. मग रडायला लागली, आणि रडत रडतच पायथ्याच्या वाटेने चालू लागली.

लोकेशने "दीपे!" म्हणून हाक मारली. ती थांबली नाही. गुणवंतराव तिच्या मागोमाग निघाले. धोंडा आला, ती वळली. ओहोळ आला, ती मागे जाऊन उतरली. मधे मधे मोबाइल तोंड मागायचा, तेव्हा ती थांबायची, ओढणीने डोळे कोरडे करायची आणि त्याच्यापुढे मिचकावायची. डोळे ओले असले की तो तिला ओळखत नव्हता.

पलीकडे शीव लागली तशी तिने मोबाइल गुणवंतरावांच्या हातात दिला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'जुनी व नवी सीमारेषा जुळली. मूळ मोजणी अचूक. तक्रार निकाली.'

"झालं का साहेब?"

"झालं बाई." गुणवंतराव म्हणाले. "माफ कर मले."

"तुमी का केलं? तुमी तं शोधलं," ती म्हणाली आणि आईकडे गेली.

ज्या दाखल्यासाठी गावाच्या दोन पिढ्या गेल्या, त्याच्यावरचा हा निकाल मात्र ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर त्याच क्षणी पोचला. कचेरीला, वनरक्षकाला, ठेकेदाराला. मोहाखाली बसलेला देवराव फोन बघून उठला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता चौकीकडे चालू लागला. गावकरी टेकडीवर चढत होते, देवाला उतरवायला. बाया मोहाखाली थांबल्या होत्या.

गुणवंतराव जीपमध्ये येऊन बसले. बिरजूने गाडी सुरू केली आणि बरंच अंतर गेल्यावर न राहवून विचारलं.

"साहेब, चोर कोण निघाला मंग?"

समोरून धूळ उडवत ठेकेदाराचा ट्रक येत होता, मागे आरे-कुऱ्हाडी घेतलेले मजूर उभे. रस्ता एका गाडीपुरताच होता. ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"बाजूले घे," गुणवंतराव म्हणाले. बिरजूने जीप शेतात उतरवली आणि ट्रक निघून गेला.